किल्लीबाईंना निर्दोष व्हायचं होतं

गुन्हा उरकल्यावर किल्लीबाईंनी दाराच्या आतल्या बाजूला आपल्या दुकानाचं स्टिकर चिकटवलं. त्यावर दुकानाचा पत्ता होता, फोन नंबर होता आणि खाली 'केव्हाही बोलवा' अशी ओळ होती. पुढे आरोपपत्रात लिहिलं गेलं की, फौजदारांनी अत्यंत कौशल्याने तपास करून आरोपीचा माग काढला. म्हणजे त्यांनी स्टिकरवरचा नंबर फिरवला होता आणि पलीकडून किल्लीबाईंनी "बोला, कुठलं दार?" असं विचारलं होतं.

किल्लीबाईंचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक खिडकी, तिच्यामागे किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. धंदा वडिलांचा. भाऊ शिकून साहेब झाले आणि किल्ली हरवली की बहिणीला फोन करू लागले. बाईंचे यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. ते दुकानाबाहेर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना पुढे सरकायला सांगायचे. सवय.

झालं होतं ते असं. बाईंच्या एक जुन्या गिऱ्हाईक होत्या, गाणं शिकवणाऱ्या, नुकत्याच नव्या घरी राहायला गेलेल्या. त्यांना सगळे गाणंबाई म्हणत. त्यांची किल्ली हरवली. त्या शिकवणीला निघालेल्या, तशाच घाईत फोनवर म्हणाल्या, "अहो, कुलूपच बदलून टाका. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. नव्या किल्ल्या खाली पहारेकऱ्याकडे ठेवा." मालक समोर असल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, हा किल्लीबाईंचा नियम. पण गाणंबाईंसारख्या घरोब्याच्या बाईला 'आधी समोर या' कसं म्हणायचं? भिडेपोटी नियम मोडला. बाई इमारतीत गेल्या, तर लिफ्ट बंद. जिन्याने चढल्या. आता लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्याचा डावा हात आणि जिन्याने वर येणाऱ्याचा डावा हात हे त्या मजल्यावर एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. बाईंनी जिन्याच्या डाव्या हाताची घंटा वाजवली. कुणी आलं नाही. येणार नव्हतंच कुणी. दारावर पाटी नव्हती. त्यांनी कुलूप उघडलं, काढलं, नवं बसवलं, तेलपाणी केलं, दार दोनदा लावून पाहिलं आणि जुनं कुलूप पिशवीत टाकून निघाल्या. जुना भाग कारागिराने न्यायचा, ही त्या धंद्यातली रीतच. गिऱ्हाईकही 'घेऊन जा हो ती अडगळ' म्हणतं.

ते घर गाणंबाईंचं नव्हतं. ते निवृत्त हेडमास्तरांचं होतं. 'ज्यांचं काम आहे त्यांना मी माहीत आहे' या तत्त्वावर त्यांनी दाराला पाटी लावली नव्हती. संध्याकाळी फिरून आले तर आपल्याच दारात आपली किल्ली शिरेना. तेवढ्यात गाणंबाई आल्या. त्यांच्या हातात नव्या किल्ल्या, आणि त्या त्यांच्या दाराला लागेनात. दोन सुशिक्षित माणसं समोरासमोरच्या दारांशी खुडबुड करत एकमेकांकडे संशयाने बघत होती. शेवटी गाणंबाईंची किल्ली हेडमास्तरांच्या दाराला लागली, आणि हेडमास्तरांनी पोलिसांना बोलावलं.

चूक कळल्याबरोबर किल्लीबाई जुनं कुलूप घेऊन धावत आल्या. परत बसवून देते, माफी मागते, म्हणाल्या. फौजदारांनी त्यांच्या हातातलं कुलूप बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या आयुष्यात मुद्देमाल असा स्वतःच्या पायांनी जिना चढून आला नव्हता.

"रंगेहाथ," ते हवालदाराला म्हणाले. "लिही."

जामीन लगेच झाला. खटला उभा राहिला तो परक्या घरात शिरण्याचा आणि एक जुनं पितळी कुलूप चोरल्याचा.

मोफत कायदेशीर मदतीतून मिळालेले वकील वयाने लहान आणि आवाजाने मोठे होते. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचा एक ढीग होता. तिसरं माणूस आलं की ढिगावर बसायचं. कंडक्टर ढिगावर बसले.

"मावशी, घाबरायचं नाही," वकील म्हणाले. "हा खटला आपण जेवायच्या सुट्टीआधी संपवू. गुन्हा कबूल करा."

"काय?"

"किरकोळ आहे हो. पहिलाच गुन्हा, बाईमाणूस, कुलूप भंगारातलं. दंड होईल. भरायचा आणि घरी जायचं."

"म्हणजे मी चोर ठरणार."

"कागदावर."

"मग नको."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग दुसरा रस्ता. सगळंच नाकबूल. ते कुलूप तुम्ही ओळखायचंच नाही. पंचनाम्यात नुसतं 'एक पितळी कुलूप' लिहिलंय. खूण नाही, नंबर नाही. बाजारात अशी पोत्याने मिळतात. ते हेडमास्तरांचंच हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं. नाही झालं तर संशयाचा फायदा तुम्हाला. सुटलात."

"पण ते त्यांचंच आहे."

"ते तुम्हाला माहीत आहे. कोर्टाला नाही."

"मला माहीत आहे ते कोर्टाला कळू नये म्हणून मी कोर्टात जायचं?"

"मावशी, त्यालाच बचाव म्हणतात."

कंडक्टर ढिगावरून म्हणाले, "अगं, ते शिकलेले आहेत. कुठल्या का स्टॉपला असेना, उतरल्याशी मतलब."

"तुम्ही गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. मग वकिलांकडे वळल्या. "हे बघा. मी दाराशी उभी राहते तेव्हा घरचं माणूस माझ्यामागे उभं असतं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला पाठीला कळतं. आता दंड भरून आले तर ते म्हणेल, ही चोर. संशयाचा फायदा घेऊन आले तर म्हणेल, असेलही, नसेलही. माझ्या धंद्यात दुसरं पहिल्याहून वाईट. चोराला निदान कुणी बोलावत नाही. माझ्यासारखीला बोलावतील आणि उंबऱ्यात उभे राहून माझ्या हातांकडे बघत बसतील. तिसरा रस्ता आहे का नाही?"

वकील नाइलाजाने म्हणाले, "आहे. चोरी व्हायला नुसतं उचलून भागत नाही. लबाडीचा हेतू लागतो. कृत्य कबूल करायचं आणि हेतू नव्हता म्हणायचं."

"मग ते खरंच आहे."

"खरं आहे म्हणूनच अवघड आहे. कृत्य तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत की सरकारी पक्षाचं अर्धं काम झालं. उरला हेतू. तो कुणाला दिसतो? हेतू डोक्यात असतो. डोकं उघडून दाखवता येत नाही."

"मी आजवर उघडल्या नाहीत अशा वस्तू कमी आहेत," किल्लीबाई म्हणाल्या. "तिसरा रस्ता धरा."

घरी नणंद येऊन बसली होती. यजमानांची थोरली बहीण. घरातल्या प्रत्येक संकटाला ती आधी हजर असायची, संकट मागाहून यायचं.

"अगं, हात जोड आणि मोकळी हो," नणंद म्हणाली. "कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये."

"वन्सं, चढले मी. आता उतरायचं कसं तेवढं बघतेय."

"आमच्या घराण्यात आजवर कुणी आरोपी झालं नव्हतं."

"झालं की. तुमच्या भावाने बसमध्ये एका मंत्र्याच्या साडूला तिकीट काढायला लावलं होतं, तेव्हा चौकशी झाली होती."

"ती खात्याची होती!" कंडक्टर आतून ओरडले. "आणि मी निर्दोष सुटलो!"

"संशयाचा फायदा?" बाईंनी विचारलं.

"छे! स्वच्छ."

"मग मला का शिळं वाढताय?"

नणंद स्वतः उठून चहा टाकायला गेली आणि भावाने कप विसळले. ही त्या घरातली दुर्मिळ घटना होती.

बाजार मात्र बोलत होता. वाईट कुणी बोललं नाही, तोच तर त्रास होता. झेरॉक्सवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाई चांगल्या आहेत हो. केस चालू आहे, पण बाई चांगल्या आहेत." त्या 'पण'ने बाईंचं निम्मं काम गेलं. मोठ्या दवाखान्याचं औषधांच्या कपाटांचं काम होतं. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "निकाल लागू दे, मग बघू." चपला शिवणारे अण्णा वर्षानुवर्षं रात्री आपल्या पेटीची किल्ली बाईंकडे ठेवून जात. ते आता किल्ली गळ्यात घालून घरी जाऊ लागले आणि बाईंना ओशाळून हसू लागले. बाईंना ते हसणं सर्वांत जास्त लागलं.

साक्षीदाराचा प्रश्न राहिला होता. गाणंबाईंनी आधी कानावर हात ठेवले. "मला नका हो ओढू त्यात. कोर्टात माझा आवाज बसेल."

"तुम्ही गायचं नाहीये. 'मी डावं म्हणाले होते', एवढंच सांगायचंय."

"पण मी बरोबरच सांगितलं होतं! लिफ्टमधून डावं."

"तेच सांगा. चूक माझी, तेही सांगा. तुमच्यावर काही ढकलायचं नाहीये मला. पण तुम्ही आला नाहीत तर मी उगाच एका परक्या दाराशी गेले होते, असं होईल."

गाणंबाईंनी पदर गळ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाल्या, "गरम पाणी मिळेल का तिथे?"

"थर्मास आणते," किल्लीबाई म्हणाल्या.

खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या खोलीत छताचा पंखा एवढ्या जोरात फिरत होता की त्याचीही साक्ष चालू आहे असं वाटावं. मॅजिस्ट्रेट मध्यम वयाच्या बाई होत्या, आवाज अगदी हलका. सरकारी वकील गोरेगोमटे, हसतमुख, आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडे.

आरोप वाचून दाखवला गेला.

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

"कुलूप काढलं, नेलं, ते कबूल. चोरी नाकबूल."

"एकच उत्तर द्या."

"मग प्रश्न दोन विचारा, बाई. मी दोन्हींची उत्तरं देते."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. टंकलेखकाने मान वर करून पाहिलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी 'नाकबूल' लिहायला सांगितलं.

मुद्देमाल पुढे आला. लाखेने बंद केलेल्या पाकिटातून ते पितळी कुलूप निघालं. सरकारी वकिलांनी ते उचलून धरलं आणि पहिल्या साक्षीदाराला, म्हणजे फौजदारांना, हेच का ते असं विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला, "तेच आहे हो. खिट्टी एका बाजूने घासलीय बघा."

"मावशी, तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे," वकील दातांतून म्हणाले. "मोठा हक्क आहे. जगभर लोक त्यासाठी झगडले."

"त्यांचं काम झालं असेल त्याने. माझं होत नाही."

गाणंबाईंची साक्ष चांगली झाली. कुठलं डावं हे दाखवायला त्या पिंजऱ्यात गर्रकन फिरल्या आणि थोडा वेळ कोर्टाकडे पाठ करून बोलत राहिल्या. आवाज बसला नाही. उलट आजूबाजूच्या दोन कोर्टांतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मग फिर्यादी. हेडमास्तर ताठ उभे राहिले. शपथेतली एक वाक्यरचना त्यांना खटकली, ती त्यांनी सुधारून घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं तसं सगळं सांगितलं. परवानगी दिली नव्हती. कुलूप त्यांचं होतं. ते नेलं गेलं.

"किंमत फार नसेल कुलपाची?" सरकारी वकिलांनी सहज विचारलं.

"प्रश्न कुलपाचा नाही. तत्त्वाचा आहे. उद्या कुणीही येईल आणि काहीही दुरुस्त करून जाईल."

उलटतपासणीला वकील उठले. दोन-चार प्रश्न लिफ्टबद्दल विचारून बसायला निघाले, तोच पिंजऱ्यातून त्यांचा कोट ओढला गेला.

"विचारा त्यांना," किल्लीबाई कुजबुजल्या, "आता दाराला कुठलं कुलूप आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग नाही विचारायचं. उलटतपासणीचा पहिला धडा आहे तो. उत्तर माहीत नसेल तर प्रश्न विचारायचा नाही. त्याच रात्री बदललं म्हणाले, तर तुम्ही मेलात."

"बदललं असेल तर मला चोर समजून बदललं. मग मला कळू दे तरी." त्यांनी कोट सोडला नाही. "विचारा. नाहीतर मी विचारते."

वकिलांनी एकदा कोटाकडे, एकदा दाराकडे पाहिलं. पळून जायची सोय नव्हती.

"हेडमास्तर," ते म्हणाले आणि घसा खाकरला, "सध्या आपल्या दाराला कुठलं कुलूप आहे?"

हेडमास्तर थबकले. खोटं बोलायचा सराव नसल्याने त्यांना वेळ लागला, पण उपयोग झाला नाही.

"तेच."

"तेच म्हणजे?"

"या बाईंनी बसवलेलं."

वकिलांच्या आवाजात आता त्यांच्या वयाची धिटाई आली. "इतके महिने? चोराने बसवलेलं कुलूप? आपण बदललं का नाही?"

"उत्तम चालतं. जुनं पावसाळ्यात अडकायचं."

"त्याची एखादी जादा किल्ली आरोपीने ठेवून घेतली असेल, असं कधी मनात आलं?"

"नाही."

"रात्री झोपताना?"

"मला चांगली झोप लागते."

"का नाही आलं मनात, सर?"

हेडमास्तर प्रश्नपत्रिका अवघड आल्यासारखे वरती बघू लागले. त्यांनी किल्लीबाईंकडे एक नजर टाकली. मग वर्गातल्या मुलाला कापलेले दोन मार्क परत द्यावेत तसं म्हणाले, "ती बाई तसली नाही. हे कुणालाही दिसेल."

"मग फिर्याद?"

"मी निष्काळजीपणाची तक्रार दिली होती. ती खरी आहे. दारं बघून उघडावीत. चोरी हा शब्द फौजदारांचा. मी सही केली. न वाचता केली. पोरांना मी त्याच्यासाठी बाकावर उभं करायचो."

सरकारी वकिलांनी घड्याळाकडे बघणं सोडून पंख्याकडे बघायला सुरुवात केली. फौजदारांना बाहेर कुणीतरी बोलावल्यासारखं वाटलं.

शेवटच्या युक्तिवादात वकील छान बोलले. हेतू नाही, लबाडी नाही, चोर कधी स्टिकर लावत नाही, वगैरे. फक्त शेवटी सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तेव्हा आरोपीला निदान संशयाचा फायदा मिळावा, ही नम्र..."

"नको," किल्लीबाई म्हणाल्या.

मॅजिस्ट्रेटबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय नको?"

"संशयाचा फायदा. बाई, मी कुलूप काढलं, ते मी सांगितलं. चुकलं, तेही सांगितलं. तो माझा निष्काळजीपणा, त्याचं जे असेल ते लावा. पण मी चोर आहे की नाही, ते सांगून टाका. मधलं काही देऊ नका. मधलं घेऊन मला कुणाच्या दारात उभं राहता येणार नाही."

"इथे मागेल तसा निकाल मिळत नाही," मॅजिस्ट्रेटबाई हलकेच म्हणाल्या. "पुराव्यात असेल तोच मिळतो. 'चोर' असंही मिळू शकतं. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी फायदा नको?"

"नको."

"हा नाकारणारा आरोपी मी पहिल्यांदा बघतेय," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या आणि निकाल सुट्टीनंतर देऊ म्हणून उठल्या. किल्लीबाईंच्या वकिलांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. किल्लीबाईंनी डबा उघडून पुरता संपवला. निकालाला उभं राहायचं तर पोटात आधार हवा.

सुट्टीनंतर खोली भरली. कंडक्टरांनी बाजारातली माणसं आणली होती. "पुढे सरका, पुढे सरका," करत त्यांनी सगळ्यांना मागच्या बाकांवर नीट बसवलं. झेरॉक्सवाला होता, चपलावाले अण्णा होते, दवाखान्याचे व्यवस्थापक खिडकीपाशी उभे होते. नणंद आधीच येऊन बसली होती.

मॅजिस्ट्रेटबाईंनी निकाल वाचला. आरोपीने कुलूप काढलं आणि नेलं हे सिद्ध. मालकाची परवानगी नव्हती हे सिद्ध. दार न बघता उघडणं ही गंभीर चूक होती आणि ती आरोपीने पुन्हा करू नये. मात्र आरोपीचा हेतू लबाडीचा होता हे सिद्ध झालेलं नाही, एवढंच नव्हे, तर तो तसा नव्हता, हे फिर्यादीच्याच साक्षीतून आणि वागण्यातून स्पष्ट दिसतं. यात संशयाला जागा नाही, दोन्ही आरोपांतून आरोपी निर्दोष.

वकील उडी मारून उठले. किल्लीबाई पिंजऱ्यातून हलल्या नाहीत. त्या मागच्या बाकांकडे बघत होत्या. तिथली माणसं एकमेकांना कोपराने ढोसत होती. "काय म्हणाल्या?" "सोडलं वाटतं." "फायदा दिला का?"

"बाई," किल्लीबाई म्हणाल्या, "शेवटचं तेवढं परत वाचता का? जरा मोठ्याने. मागे पोचलं नाही."

"निकाल झाला आहे. तुम्ही जाऊ शकता."

"मी जाईन हो. निकाल इथेच राहील. तो यांच्याबरोबर बाजारात जायला हवा."

सरकारी वकील हसले. मॅजिस्ट्रेटबाई हसल्या नाहीत. त्यांनी थोडा वेळ आरोपीकडे, म्हणजे आता आरोपी नसलेल्या बाईकडे पाहिलं, आणि मग पट्टेवाल्याला बोटाने पंखा दाखवला. त्याने पंखा बंद केला. पाती कुरकुरत थांबली. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला, आणि त्या कोर्टाने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता एवढ्या आवाजात शेवटची ओळ वाचली.

पहिल्या बाकावरून हेडमास्तर उठले. कुणी सांगितलं नव्हतं. ते वळले आणि हात मागे बांधून त्यांनी विचारलं, "मागे ऐकू आलं का सगळ्यांना?"

"हो, सर," मागचा बाक म्हणाला.